नाडीची सळई

ता. ४ मार्च

चि. चिमीस,

आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. केस कापलेस ते वाचलं. फोटो पाठवू नकोस, मी मनात लांबच ठेवले आहेत. इकडे आम्ही ठीक. म्हणजे मी ठीक आहे आणि हे आहेत. गुडघा दुखतो, पण तो माझा नेहमीचा, त्यात बातमी काही नाही.

बातमी अशी आहे की तुझी आजी संशोधक झाली. हे मी म्हणत नाही, छापील कागद म्हणतो.

तुला ठाऊकच आहे, तुझ्या आजोबांच्या पायजम्याची नाडी धुण्यात एका बाजूने आत जाते. लग्न झाल्यापासून जाते. आधी मला वाटायचं नाडीचा दोष, मग वाटलं धुण्याचा, आता कळलं की माणसाचा. पण माणूस बदलता येत नाही म्हणून मी मधल्या काळात सेफ्टी पीन वापरली. ती आतल्या आत उघडते. एकदा अशी उघडली की हे दुपारभर उभे होते.

तर मागे मोडकी छत्री टाकायला काढली होती. तिची एक काडी मी ओढून काढली, टोकाला चीर पाडून चिमट्यासारखं केलं आणि त्या चिमट्यावर एक सरकती कडी बसवली. नाडी चिमट्यात धरायची, कडी पुढे सारायची, की सुटत नाही. काडी वाकते पण मोडत नाही. नवीन नाडी ओवायला ती, आणि आत हरवलेली नाडी शोधून बाहेर ओढायलाही तीच. यांनी कानस लावून टोकं गुळगुळीत करून दिली. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, मोजल्याशिवाय राहतो होय? पिनेने सहा मिनिटं आणि तीन शिव्या, सळईने चाळीस सेकंद आणि शिवी नाही, असं त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय.

पुढे चहाची पूड बांधून आली त्या कागदावर एक जाहिरात होती. तुमच्या डोक्यात कल्पना आहे का, आम्हाला कळवा, आमचे तज्ज्ञ ती फुकट तपासतील आणि जगाच्या बाजारात नेतील. पूड डब्यात ओतली आणि लगेच लिहायला बसले. कंपनीचं नाव एवढं लांब आहे की पाकिटावर दोन ओळी गेल्या.

तीन आठवड्यांत उत्तर आलं. कागद इतका जाड की घडी उलगडताना आवाज होतो. खाली सोनेरी शिक्का. माझा शोध म्हणे आगळावेगळा आहे. आम्ही दोघांनी तो कागद आरशाच्या फटीत लावलाय, त्यामुळे आता केस विंचरताना अर्धं तोंडच दिसतं, पण या वयात तेवढं पुरे.

फक्त पहिल्या टप्प्याचे पैसे आधी भरावे लागतात. ते किती, तर नेमके आपल्या शिलाई मशीनला येतील तेवढे. कोपऱ्यावरचा शिंपी मशीन कधीपासून मागतोय. बघू.

जेवण वेळेवर कर. माया आहेच तुझी आमच्यावर, ती आठवड्याला एका पत्राइतकी तरी दिसू दे.

तुझी आजी


ता. ८ मार्च

ती. आजीस,

सा. न. वि. वि. पत्र वाचून आनंद झाला, आणि शेवटच्या चार ओळींनी तो निम्मा झाला. सळई फार छान आहे. मी दिवसभर पंपाचे नकाशे काढते, त्यामुळे मी म्हणते ते खरं धर. पण आजी, मशीनला हात लावू नकोस.

एक विचार कर. तपासणी फुकट, कौतुक फुकट, शिक्का सोनेरी. मग या लोकांचं पोट कशावर चालतं? सळया विकून चालत असेल तर त्यांना तुझ्या पैशांची घाई नको. आणि तुझ्याच पैशांवर चालत असेल तर त्यांना सळई विकण्याची गरज नाही.

आमच्या कारखान्यात नवीन काही निघालं की ते बाहेर कुणाला दाखवण्याआधी पेटंटच्या वकीलबाईंकडे जातं. मी त्यांच्याशी बोलते. तोवर तू दोन गोष्टी कर. त्यांचं पत्र मला जसंच्या तसं उतरवून पाठव, एक शब्दही गाळू नकोस. आणि तू त्यांना काय लिहिलं होतंस तेही कळव. कुठंही सही करू नकोस.

आजोबांना नमस्कार. गुडघ्याची बातमी नसली तरी कळवत जा.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर पाठव.

तुझी चिमी


ता. १३ मार्च

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले की पोरगी तुझ्यावर गेली आहे. चांगलं म्हणून म्हणाले की कसं ते सांगितलं नाही.

तू मागितलास तो उतारा खाली देते. दोन दुपारी गेल्या. माझी चार यत्ता शाळा आणि कंपनीची भाषा म्हणजे जोडाक्षरांचं पोतं. यांनी हिशेब केला, माझ्या एका पानाला जेवढी जोडाक्षरं लागतात तेवढी त्यांनी पहिल्याच वाक्यात घातलीत.

ते लिहितात: आपला नाडी पकडणारी सळई हा शोध आमच्या वैद्यकीय विभागाच्या तीन तज्ज्ञ डॉक्टरांनी सखोल तपासला आहे. नाडी हाती न लागणे ही आज घराघरांतील गंभीर समस्या असून, कोणत्याही शस्त्रक्रियेविना काही क्षणांत नाडी बाहेर काढणारे असे साधन आजवर आमच्या पाहण्यात नाही. आमच्या पाहणीतील शंभरपैकी सत्त्याण्णव रुग्णांनी ते वापरण्याची तीव्र इच्छा दर्शवली. रुग्णालये, दवाखाने व वृद्धाश्रम येथून प्रचंड मागणी अपेक्षित आहे.

बघ, तीन डॉक्टर! आणि मला हे पटलं. दवाखान्यात सगळ्यांना नाडीचेच पायजमे देतात. बिचारा माणूस आडवा पडलेला, नाडी आत गेली तर सांगणार कुणाला? नर्सला सांगायची लाज, डॉक्टरला सांगायची त्याहून. मला हे सुचलं नव्हतं, त्यांना सुचलं, म्हणूनच ते तज्ज्ञ. शस्त्रक्रियेविना म्हणजे शिवण न उसवता, असं मी धरलं. उरलेले तीन रुग्ण इलॅस्टिकवाले असावेत.

मी काय लिहिलं होतं, तर एवढंच: नाडी एकदा आत सरकली की हाताला लागत नाही. माणूस घाबराघुबरा होतो. ही सळई आत घातली की नाडी लगेच सापडते व बाहेर येते. आमच्या घरी रोज वापरात आहे. सोबत सळईचं चित्र काढलं. पायजमा काढला नाही. परक्या माणसाला पायजम्याचं चित्र काय पाठवायचं?

आता रागावू नकोस. मशीन परवाच गेलं. शिंप्याचे दोन कारागीर आले आणि उचलून घेऊन गेले. कंपनीचं दुसरं पत्र आलं होतं की बावीस तारखेला त्यांचा माणूस घरी येईल, तेव्हा पैसे तयार हवेत, नाहीतर माझी जागा दुसऱ्या संशोधकाला जाईल. आलेले पैसे बिस्किटांच्या डब्यात आहेत.

मशीनच्या जागी यांनी खुर्ची आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी काढून घेतली. आता तिथं फरशीवर चार पायांचे चार डाग आहेत, ते काही निघत नाहीत. दुपारी मी तीनदा त्या बाजूला जाते आणि परत येते. बावीस वर्षांची असताना घेतलेलं मशीन गं. तुझ्या आईचा पहिला फ्रॉक आणि तुझाही. असो. जगाच्या बाजारात जायचं तर घरातलं काहीतरी द्यावंच लागणार.

तुझ्या नवीन खोलीला खिडकी आहे का ते लिही. पत्राला उशीर केलास तरी प्रेमाला करू नकोस.

तुझी आजी


ता. १६ मार्च

ती. आजीस,

सा. न. वि. वि. तुझा उतारा मी बसून वाचला, मग मधल्या सुट्टीत उभी राहून वाचला. हसू आलं, आणि मशीनपाशी आल्यावर गेलं.

आजी, त्यांची नाडी मनगटातली आहे.

तू पायजम्याची असं लिहिलंच नाहीस, कारण तुझ्या मते नाडी आणखी कशाची असणार. त्यांना वाटलं, डॉक्टर हात धरून बघतात ती. म्हणून ते तीन डॉक्टर आणि ते सत्त्याण्णव रुग्ण. म्हणजे तुझं चित्र कुणी उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही. छत्रीची काडी आणि तिला चिमटा, हे पाहून कुठला डॉक्टर ती कुणाच्या हातात घालेल? तू सुरणाला पाय फुटलेत असं लिहिलं असतंस तरी त्यांनी तेच पत्र पाठवलं असतं, फक्त शेतकी विभागाकडून.

वकीलबाईंना सगळं सांगितलं. असे लोक बरेच असतात म्हणाल्या. त्यांनी तीन प्रश्न दिलेत. आजवर किती जणांकडून पैसे घेतलेत? त्यांतल्या कितींना घातल्यापेक्षा जास्त परत मिळाले? आणि त्यांतल्या दोघांचा पत्ता द्या. खरा माणूस उत्तर देतो. दुसऱ्याला खोकला येतो, असं बाईंचं म्हणणं. सळई आधी कुणी नोंदवली आहे का, तेही त्या शोधून देतील. पैसे घेतील, पण किती ते आधी सांगून. तू सळईचं नीट चित्र काढून त्यावर तारीख घाल आणि आजोबांची साक्ष म्हणून सही घे.

मला रजा मिळत नाही गं. बावीसला तुम्ही दोघंच असाल. डबा उघडू नकोस, एवढंच.

खिडकी आहे. समोर भिंत आहे.

आठवण काढत असशील तर थोडी जास्त काढ.

तुझी चिमी


ता. २३ मार्च

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की हे पाणी घेऊन आले. मग त्यांना सांगितलं, तर त्यांनीच ते पाणी पिऊन टाकलं.

काल तो आला. गळ्यात टाय, हातात बॅग, बूट दारातच काढले, तेवढं चांगलं वळण. घर छान आहे म्हणाला, चहा छान आहे म्हणाला, चहा अजून प्यायला नव्हता. मग बॅगेतून कागद काढले आणि सहीच्या जागी फुल्या करून दिल्या.

मी तुझे प्रश्न चिठ्ठीवर उतरवून ठेवले होते. पहिला वाचला. तो म्हणाला की हजारो. दुसरा वाचला. तो म्हणाला की ते गोपनीय असतं. तिसरा वाचला. वकीलबाईंना सांग, खोकला आला.

एवढ्यावर त्याला घालवता आलं असतं, पण मला राहवेना. मी म्हटलं की सही करते हो, तुमचा खोळंबा नको, पण मी घरगुती बाई, आमच्या घरी आम्ही सळई वापरतो ती बरोबर की चूक कोण जाणे. तुमच्या तीन डॉक्टरांनी कशी वापरली, तेवढं एकदा करून दाखवा. आणि सळई त्याच्या हातात दिली.

चिमे, त्याने ती उलटी केली, सुलटी केली. कडी मागे सरकवली, पुढे सरकवली. मग माझा हात मागितला. मी दिला. त्याने सळई माझ्या मनगटावर आडवी ठेवली, वर बोट ठेवलं, आपल्या हातातल्या घड्याळाकडे बघितलं आणि ओठ हलवत आकडे मोजले. मग म्हणाला, बाहत्तर, अगदी उत्तम.

हे तोवर कोपऱ्यातल्या स्टुलावर होते. तेव्हा पहिल्यांदा बोलले. म्हणाले की तुमचं घड्याळ सव्वाचारला बंद पडलंय, आणि आत्ता अकरा वाजलेत.

मी आत जाऊन यांचा धुतलेला पायजमा आणला. त्याच्या समोर बसून सळईने नाडी ओवली, दोन्ही टोकं बाहेर काढली, गाठ मारली. त्याने सगळं नीट पाहिलं. थोडा विचार केला. म्हणाला की याचीही बाजारपेठ मोठी आहे.

चहा मात्र पुरता प्यायला. उठताना त्याच्या कोटाचं बटण लोंबताना दिसलं, ते मी टाचून दिलं. लबाड झाला म्हणून बटण का पडू द्यायचं? यांनी घड्याळ बघून देऊ का विचारलं, तर नको म्हणाला. बूट घालून गेला, कागद तिथेच राहिले. पाठकोरे आहेत, वाया जाणार नाहीत. पण सोनेरी शिक्क्याचा कागद आरशातून काढला आणि मला पहिल्यांदा लक्षात आलं की मी तीन आठवडे भांग वाकडा पाडत होते.

एवढं झाल्यावर आनंदाने डबा काखेत घेतला आणि संध्याकाळी शिंप्याकडे गेले. आता हे ऐक. तो मशीन देत नाही. म्हणाला की विकलं ते विकलं, त्यावर कारागीर बसलाय, काम सुरू आहे. मी आत डोकावून पाहिलं. माझंच मशीन, त्यावर एक अनोळखी माणूस, आणि तो पायडल उलटं मारत होता. घरी आले. आजी फसली नाही असं तू सगळ्यांना सांगशील, आणि ते खरं आहे. डब्यात पैसे सगळेच्या सगळे आहेत. पण पैशाला टीप घालता येत नाही.

सळईचं तेवढं बघ. ती तरी माझ्या नावावर होऊ दे. तू जवळ नाहीस, म्हणून पत्रातच डोक्यावरून हात फिरवते.

तुझी आजी


ता. २ एप्रिल

ती. आजीस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मी वकीलबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी ते बटणाचं वाक्य दोनदा वाचायला सांगितलं.

आता दुसरं, आणि ते सरळच लिहिते. बाईंनी जुन्या नोंदी शोधल्या. अशी सळई चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी नोंदवली आहे. चिमटा आहे, सरकती कडीसुद्धा आहे. त्यामुळे ती तुझ्या नावावर होणार नाही. त्या नोंदीची मुदत केव्हाच संपली, तेव्हा ती बनवायला आणि विकायला आता कुणालाही मोकळीक आहे, तुलाही. पण तुझी एकटीची अशी ती कधीच नसेल.

बाईंनी शोधण्याचे पैसे घेतले ते मी दिले, परत पाठवू नकोस. माझ्या मनात आलं, नाही म्हणायचे पैसे घेणारा माणूस पाहिजे, हो म्हणणारे फुकट मिळतात.

मला फार वाईट वाटतंय. मशीनही गेलं आणि हेही. तू लिहीत नाहीस तोवर मला चैन नाही. तुम्हा दोघांचा हात पाठीवर आहे, तो तसाच ठेवा.

तुझी चिमी


ता. ९ एप्रिल

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. अगं, वाईट कसलं वाटून घेतेस! चाळीस वर्षांपूर्वी कुणालातरी हेच सुचलं, कडीसकट सुचलं. म्हणजे माझं डोकं उशिरा पोचलं, पण बरोबर ठिकाणी पोचलं. हे मी यांना म्हटलं, तर म्हणाले की त्या घरीही एक माणूस नाडी घालवणारा असणार. मला ती बाई फार जवळची वाटायला लागली आहे. बाईच असणार. पुरुष असता तर त्याने इलॅस्टिक शोधलं असतं.

आता पुढचं सांगते, पण सरळ सांगणार नाही, क्रमाने सांगणार.

मी रोज शिंप्याकडे जायला लागले. भांडायला नाही, नुसती बसायला. जाता येता डबा काखेत. तो बघायचा आणि कापड बेतायला लागायचा. चौथ्या दिवशी कळलं की त्याला मशीन कशाला हवं होतं. एका वसतिगृहाचे दोनशे पायजमे घेतलेत त्याने, महिनाअखेर द्यायचेत. मशीनं पाच, आणि शिवून झालेल्या पायजम्यांचा ढीग छताला लागलेला. कारण दोन कारागीर शिवायचं सोडून नुसत्या नाड्या ओवत बसलेले, एक पिनेने, एक पेन्सिलीने. पेन्सिलवाल्याची पेन्सिल आत मोडली आणि तो पायजमा उलटा करून झटकत होता.

मला बघवेना गं. माझी सळई अंबाड्यात होती, तिथेच ठेवते मी हल्ली, सापडते. काढली आणि बसले. बारा पायजमे झाले तेव्हा शिंपी कात्री हातात धरून माझ्याकडे बघत उभा होता. वीस झाले तेव्हा त्याने चहा सांगितला. तिसावा झाल्यावर त्याने विचारलं की हे काय आहे. मी म्हटलं की माझं मशीन आहे.

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. पेन्सिलवाला आणि पिनवाला आपापल्या मशीनवर परत बसले तर चार मशीनांवरच काम महिनाअखेर उरकत होतं, पाचव्याची गरजच उरत नव्हती, एवढा हिशेब त्याला येतो. तो म्हणाला की अशा दहा सळया द्या आणि मशीन घेऊन जा, तुमचे पैसे मला परत. मी म्हटलं की चार. तो आठ म्हणाला. छत्रीला काड्या आठच असतात आणि एक माझ्या अंबाड्यात होती, पण हे त्याला सांगायचं कारण नव्हतं. सहावर ठरलं. घरी येऊन यांना सांगितलं, तर हे कानस घेऊन जे बसले ते जेवायलाच उठले. दोन दिवसांत सहा झाल्या, प्रत्येक घड्याळ लावून तपासलेली.

काल मशीन आलं. तेच दोन कारागीर घेऊन आले. चारही पाय आपल्या डागांवर बरोबर बसवायला यांनी त्यांना तीन वेळा सरकवायला लावलं. पायडलला तेल घातलं, त्या माणसाने उलटं मारून मारून त्याची सवय बिघडवली आहे, दोन दिवसांत ताळ्यावर येईल.

शिंप्याचा मेव्हणा दुसऱ्या गावात दुकान चालवतो, त्यालाही सहा हव्यात. म्हणून शिंप्याने काल मुद्दाम येऊन विचारलं की याच्यावर पेटंट वगैरे काही आहे का. मी म्हटलं की नाही, ती नुसती चालते.

ये एकदा. केस वाढलेले नसले तरी ये. लोभ मागत नाही, तो तुझ्याकडे आहेच. तो घेऊन ये.

तुझी आजी